गाडीचा हीटर तापतच नाही, शिमल्यात आहे, सकाळी काचही साफ होत नाही – मदत करा

केळीबाग | ९ जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी मूळचा जळगावचा, बँकेतल्या बदलीमुळे ऑगस्टपासून शिमल्यात आहे. घर संजौलीला आणि ब्रँच ठियोगला, म्हणजे रोज सकाळी ढली, कुफरी, फागू करत जवळपास ३० किमी जायचं आणि संध्याकाळी तेवढंच परत. गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक, पहिल्यापासून माझ्याच हातात, १ लाख १८ हजार किमी झालेत.

तर हीटर तापत नाही. नॉब पूर्ण लाल बाजूला, ब्लोअर ४ वर, हवा अगदी जोरात येते पण कोमट, गिझर नुकताच लावल्यावर नळाला जसं पाणी येतं ना तशी. कुफरीचा चढ चढेपर्यंत जरा बरी वाटते आणि फागूवरून उतार लागला की परत गार. जळगावात हीटर कधी लावलाच नव्हता त्यामुळे आधी कसा चालायचा ते सांगता येत नाही.

थंडी मी सोसेन हो, पण शाळांना फेब्रुवारीपर्यंत सुट्टी असल्याने ४ वर्षांची मुलगी आमच्यासोबतच असते (बायको ठियोगला लॅबमध्ये आहे, मुलीला तिथेच ओळखीच्या घरी ठेवतो). काल फागूला धुकं होतं आणि तिघांच्या श्वासाने समोरची काच आतून पांढरी झाली, बायको रुमालाने पुसतेय, मी वाकून एवढ्याशा गोलातून रस्ता बघतोय, आणि मागून मुलगी म्हणाली बाबा ढग आत आला. बाजूला दरी आहे तिथे. गाडी थांबवली, दोन्ही खिडक्या उघडल्या, पाच मिनिटांनी निघालो. रात्री झोप लागली नाही.

इथल्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितलं की हीटर कोर गेलाय, अख्खा डॅशबोर्ड उतरवायला लागेल, १४ हजार. करू का?

घाटवाट | ९ जानेवारी, रात्री १०:१५

केबिन फिल्टर बघितला का? ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, माझ्यात पाचोळा आणि उंदराचं घरटं निघालं होतं.

स्पॅनर१३ | ९ जानेवारी, रात्री १०:४०

घाटवाट, त्यांची हवा जोरात येतीय, म्हंजे फिल्टर न्हाई. फिल्टर चोंदला तर हवा कमी येती पण जेवढी येती तेवढी गरम असती. ह्यांचं उलटं हाय.

केळीबाग साहेब, १४ हजार अजिबात देऊ नका. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं २२ वर्षं गॅरेज हाय, आमच्याकडं हीटरचं काम वर्षाला दोन येत्यात, पण पाणी फिरतं ते शेवटी इंजिनातनंच. आधी दोन गोष्टी सांगा. एक, चावी दिल्यावर मीटरमधी निळा दिवा लागतो (थर्मामीटरचं चित्र), तो किती वेळानं जातो? आणि एकदा गेला की परत येतो का? दोन, गाडी आजपातूर कधी तापली होती का?

प्राची_मिनेसोटा | १० जानेवारी, पहाटे ४:२०

इथे मिनियापोलिसमध्ये उणे २० म्हणजे जानेवारीतला साधा दिवस, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, जरा सविस्तर लिहिते.

कारचा हीटर म्हणजे वेगळी शेगडी नसते. इंजिन तापतं, कूलंट (इंजिनात फिरणारं रसायन मिसळलेलं पाणी) ती उष्णता घेतं, आणि त्यातलं थोडं कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं, त्यालाच हीटर कोर म्हणतात. ब्लोअर त्याच्यावरून हवा ढकलतो, बस. म्हणून गार हवा आली तर प्रश्न दोनच, इंजिन तापतंय का, आणि तापलेलं पाणी कोरपर्यंत पोचतंय का.

हे घरच्या घरी कळतं. २० मिनिटं गाडी चालवून आल्यावर बॉनेट उघडा, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात अंगठ्याएवढे जाड दोन रबरी पाइप आत जाताना दिसतील. फॅन आणि पट्ट्यापासून हात, ओढणी, मफलर लांब ठेवून दोन्ही पाइपांना बोट लावा, जपून, कारण नीट चालणाऱ्या गाडीत चटका बसतो.

एक चटका बसण्याइतका गरम आणि दुसरा गार म्हणजे कोर आतून चोंदलाय. दोन्ही कडक गरम आणि तरी हवा गार म्हणजे डॅशबोर्डमधला गरम-गार हवा वळवणारा दरवाजा अडकलाय, त्याची छोटी मोटर गेली की मागून टकटक आवाज येतो. दोन्ही नुसते कोमट असतील तर कोरला दोष देऊ नका, इंजिनच तापत नाहीये. आणि थांबल्यावर गार, रेस दिली की गरम असं होत असेल तर बहुधा कूलंट कमी आहे किंवा हवा अडकलीय.

माझ्या आधीच्या गाडीत थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारा वॉल) उघडाच अडकला होता, स्कॅनरवर पी०१२८ कोड आला, म्हणजे कूलंट अपेक्षेइतकं तापत नाहीये. पार्ट स्वस्त होता. मी मात्र त्याआधी दोन आठवडे बाळाला जाड जाकिटात कोंबून कार सीटमध्ये बसवत होते, ते सगळ्यात चुकीचं. फुगीर जाकीट अपघातात दबतं आणि पट्टा सैल पडतो. पातळ कपड्यांवर पट्टा घट्ट लावायचा आणि वरून पांघरूण घालायचं. मुलगी लहान आहे म्हणून मुद्दाम सांगतेय.

नागपूरकर_भाऊ | १० जानेवारी, सकाळी ११:०५

इतकं काय टेन्शन घेता भाऊ. डिझेल गाडी हळूच तापते. ब्लोअर सुरुवातीला १ वर ठेवा, एकदम ४ वर टाकला तं तापायच्या आधीच सारी गरमी ओढून घेते.

केळीबाग | १० जानेवारी, रात्री ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सगळं बघितलं.

प्राचीताई, दोन्ही पाइप सारखेच कोमट, बोट आरामात धरून ठेवता आलं.

स्पॅनरदादा, निळा दिवा संजौलीपासून कुफरीच्या चढाच्या अर्ध्यापर्यंत राहतो, २० मिनिटं तरी. मग जातो. आणि फागूवरून ठियोगकडे उतरताना परत लागतो!! मी आजवर त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं, लाल नाही ना मग ठीक असं समजत होतो. ब्रँचमधल्या एकाकडून ब्लूटूथवालं ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) आणून मोबाइलला जोडलं तर चढावर कूलंट ७१ डिग्री आणि उतारावर ५४ पर्यंत खाली आलं.

आणि हो, गाडी तापली होती. दीड वर्षापूर्वी मे महिन्यात भुसावळ रोडला. लाल दिवा लागला, वाफ आली. तिथल्या मेकॅनिकने पाणी भरलं, काहीतरी खोललं आणि म्हणाला आता ही कधीच तापणार नाही. तेव्हापासून खरंच तापली नाही.

स्पॅनर१३ | १० जानेवारी, रात्री ९:३५

बगा. त्यानं थर्मोस्टॅट काढून टाकलाय. मी पैज लावतो.

आपल्याकडं ही लई जुनी खोड हाय. गाडी तापली की वॉल काढा, गाडी गार ऱ्हाईल. मी पण उमेदवारीत हेच शिकलो होतो आणि पुढं सोडलं. तो वॉल दरवानाचं काम करतो. इंजिन गार असताना रेडिएटरचं दार बंद ठेवतो, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि पटकन तापतं. ८२-८८ च्या आसपास गेलं की हळूहळू दार उघडतो. दारच काढून टाकलं तर पहिल्या मिनिटापासनं सगळं पाणी समोरच्या रेडिएटरमधनं जातंय, आणि समोरनं शिमल्याची हवा. जळगावात ४५ डिग्रीत तुम्हाला ते कळणार न्हाई, तिथं कळणार.

उतारावर तर तुमचा पाय ॲक्सिलरेटरवरच नसतो, डिझेलच जळत न्हाई, मग उष्णता कुठनं येणार.

नागपूरकर_भाऊ | १० जानेवारी, रात्री १०:२०

मी तं ९ वर्षं झाले काढूनच ठेवला. नागपूरच्या उन्हाळ्यात एकदाही गाडी नाही तापली. काही नाही होत.

स्पॅनर१३ | १० जानेवारी, रात्री १०:५०

भाऊ, तुमची गाडी तुम्ही जाणता, पण होतं ते सांगतो. इंजिन कायम गार चाललं की कॉम्प्युटरला वाटतं अजून सकाळच हाय, तो जास्त इंधन देतो, ॲव्हरेज पडतं. पेट्रोल गाडीत जादा पेट्रोल ऑइलमधी उतरतं, ऑइल पातळ होतं. बीएस६ डिझेलात डीपीएफ (धुरातली काजळी धरणारा फिल्टर) साफ होत न्हाई. आणि काही इंजिनात त्या वॉलला खाली दुसरी थाळी असती, पाणी तापलं की ती बायपास बंद करती. तिथनं वॉल काढला की बायपास कायमचा उघडा, म्हंजे थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात. चढावर, फुल लोडवर अशी गाडी उलट जास्त तापती. मी इंजिनाचे दोन हेड असे वाकलेले बघितल्यात.

तापायचं कारण दुसरंच असतंय. फॅन, रेडिएटरची जाळी, पाण्याचा पंप, टोपण. ते शोधायला अर्धा दिवस जातो, वॉल काढायला धा मिनिटं. म्हणून काढत्यात.

केळीबाग साहेब, मला तुमच्या हीटरपेक्षा एक काळजी मोठी हाय. त्यानं पाणी भरलं म्हणता. नळाचं? त्यानंतर कूलंट बदललं का?

केळीबाग | ११ जानेवारी, सकाळी ७:३०

कूलंट बदललं नाही. रिझर्वच्या बाटलीत आत्ता बघितलं, रंग हिरवा नाही, फिक्या चहासारखा आहे.

आणि एक सापडलं. काल रात्री तुमचं वाचून टॉर्च घेऊन खाली गेलो, डिकीत स्टेपनीच्या खाली जॅकच्या पिशवीत एक तेलकट फडकं होतं. त्यात स्प्रिंग असलेली एक चकती, मधे पितळेचा गोळा, कडेला काळं रबर, वर ८८ कोरलेलं. मेकॅनिकने हातात दिला होता हा पार्ट, तुमचा आहे ठेवून द्या म्हणून, आणि मी न विचारता ठेवून दिला होता. दीड वर्ष हा माझ्यासोबत फिरतोय, जळगावपासून शिमल्यापर्यंत.

स्पॅनर१३ | ११ जानेवारी, सकाळी ८:००

हाच तो. चांगला हाय का बघायचं तर जुन्या पातेल्यात (जेवणाचं नको, त्याला कूलंट लागलेलं असतंय) पाण्यात दोऱ्यानं टांगून गरम करा. मधलं दार उघडताना दिसलं पायजे.

निवृत्त_सुभेदार | ११ जानेवारी, सकाळी १०:१५

स्पॅनरराव बरोबर बोलतायत, फक्त एक भर. शिमला समुद्रसपाटीपासून २२०० मीटर. तिथे पाणी ९२-९३ डिग्रीलाच उकळतं, त्याच्या वर पातेल्यात जाणार नाही. ८८ चा थर्मोस्टॅट ८८ ला उघडायला सुरुवात करतो, पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा डिग्री लागतात. त्यामुळे तो थोडासाच उघडलेला दिसेल, खराब आहे म्हणून फेकू नका. गाडीत टोपणाच्या दाबामुळे पाणी उशिरा उकळतं, तिथे तो पूर्ण उघडतो. आम्ही लेहला असताना हा घोळ एका नव्या पोराने घातला होता, तीन चांगले थर्मोस्टॅट भंगारात टाकले.

काम होईपर्यंतचा उपाय. तिकडचे ट्रकवाले रेडिएटरपुढे पुठ्ठा किंवा पोतं लावतात ते बघितलं असेल. तुमच्या गाडीत थर्मोस्टॅटच नाही म्हणून त्याचा फायदा होईल. अर्धाच भाग झाका, फॅनला लागणार नाही असा बांधा, आणि मोबाइलवर तापमान बघत राहा. ९५ च्या वर जायला लागलं तर उतरून काढा. कायमचा ठेवायचा नाही.

आणि हे सगळ्यांसाठी. गाडी तापवायला बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, शटर अर्धं उघडं असलं तरी नाही. बर्फात अडकलात आणि सायलेन्सर बर्फात बुडाला असेल तर हीटरसाठी इंजिन लावू नका, आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मुरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० च्या वर माणसं गेली, त्यातल्या काहींच्या बाबतीत कार्बन मोनॉक्साइडचंच कारण सांगितलं गेलं. त्या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

प्राची_मिनेसोटा | ११ जानेवारी, संध्याकाळी ७:४५

चहाच्या रंगाचं वाचून मलाही भीती वाटली. नुसतं पाणी शून्याला गोठतं आणि गोठताना फुगतं, ब्लॉकला तडा जाऊ शकतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं घातलं की उणे ३७ पर्यंत चिंता नाही. जास्त चांगलं म्हणून नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतू नका, शुद्ध ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) उणे १३ च्या आसपासच गोठायला लागतं, पाणी मिसळल्यावरच ते काम करतं. गोड लागतं आणि विषारी असतं, त्यामुळे सांडलेलं धुऊन टाका, मुलं आणि कुत्री दोन्ही चाटतात.

काचेसाठी आजपासून एवढं करा. हवा आतल्या आत फिरवायचं बटण बंद ठेवून बाहेरची हवा घ्या, हवेची दिशा काचेवर, आणि एसीचं बटण लावा. हो, थंडीत एसी, तो हवेतला ओलावा काढतो. शून्याच्या आसपास कॉम्प्रेसर चालू होईलच असं नाही पण फागूच्या ४-५ डिग्रीत होईल. ओले बूट आणि ओलं पायपुसणं गाडीत ठेवू नका, तेच पाणी काचेवर जातं. काच आतून एकदा स्वच्छ पुसून घ्या, मळकट काचेवर धुकं लवकर धरतं. आणि कधी गोडसर वास येऊन काचेवर चिकट थर बसला, पायाखालचं कार्पेट ओलं झालं, तर मात्र कोर फुटलाय असं समजा.

ओस्लोवासी | १२ जानेवारी, रात्री १:३०

थोडं विषयांतर, पण पुढे कुणाला उपयोगी पडेल. माझी इलेक्ट्रिक आहे. तिला इंजिनाची फुकटची उष्णता नसते त्यामुळे थर्मोस्टॅटची भानगड नाही, हवा मिनिटभरात गरम येते, पण ती सगळी बॅटरीतून जाते आणि हिवाळ्यात रेंज चांगलीच घटते. चार्जरला लावलेली असतानाच केबिन गरम करून घ्यायची आणि मग सीट हीटरवर भागवायचं, त्याला खूप कमी वीज लागते. हीट पंपवाली गाडी मिळाली तर तीच घ्या.

घाटवाट | १२ जानेवारी, सकाळी ९:२०

केळीबाग, काय झालं? आम्ही वाट बघतोय.

केळीबाग | १८ जानेवारी, रात्री १०:०५

उशीर झाला, माफ करा. मधे बर्फ पडला, दोन दिवस रस्ता बंद होता. आता सगळं नीट लिहितो कारण तुम्ही लोकांनी माझे १४ हजार वाचवलेत आणि त्याहून जास्त.

ढलीला एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी इंजिन गार होऊ दिलं, मग टोपण उघडून कूलंटचा एक थेंब दुर्बिणीसारख्या छोट्या नळीच्या काचेवर टाकला, नळी खिडकीकडे धरून आत बघितलं आणि मलाही दाखवलं. आकड्यांची पट्टी होती, निळ्या-पांढऱ्याची रेघ उणे ३ वर. आमच्या अंगणात परवा रात्री उणे २ होतं. ते काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं.

मग थर्मोस्टॅटचं घर खोललं. रिकामं. फक्त काळ्या सीलंटचा थर.

माझ्याकडचा जुना त्यांनी पातेल्यात टाकला, सुभेदार साहेब म्हणाले तसंच झालं, पाणी खदखदायला लागलं तेव्हा नखाएवढी फट पडली. चालू आहे म्हणाले, पण रबर कडक झालंय, नवाच घाला. ११५० रुपये. पाणी सोडलं तर बादलीत गंजलेला गाळ आला. हीटरचे दोन्ही पाइप सोडून साध्या नळीने कमी दाबाने उलट्या बाजूने पाणी सोडलं, पहिलं मिनिटभर तपकिरी आणि मग पापुद्रे पापुद्रे निघाले, जळगावच्या पाण्याचा क्षार. कोर फुटलेला नव्हता. नवीन कूलंट निम्मं निम्मं घालून गाडी चढावर नाक वर करून उभी केली, हीटर फुल, इंजिन चालू. डॅशबोर्डच्या आतून गुळगुळ गुळगुळ आवाज येत होता, टाकीत बुडबुडे, पाणी खाली बसलं की ते परत भरायचे. पाऊण तास हेच. आवाज थांबला तेव्हा म्हणाले आता हात लावा. पाइपला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

भुसावळ रोडला गाडी का तापली होती तेही सापडलं. रेडिएटर फॅनची पहिली स्पीडच चालत नव्हती, रेझिस्टर जळालेला, फॅन एकदम शेवटी दुसऱ्या स्पीडवरच लागायचा. सगळे मिळून ४३०० झाले.

आता निळा दिवा ढलीच्या आतच जातो. मोबाइलवर चढावर ८९, उतारावर ८४, त्याच्या खाली येत नाही. काचेखालच्या जाळीत थर्मामीटर खोचून बघितला, आधी २४ यायचं, आज ५३. ॲव्हरेज १७ वर आलं होतं आणि मी घाटाला दोष देत होतो, ते आता बघतो काय होतं.

आज फागूला परत धुकं होतं. काच स्वच्छ. ठियोगच्या उतारावर मुलीने स्वतःहून कानटोपी काढून पुढच्या सीटवर टाकली.

नागपूरकर_भाऊ | १८ जानेवारी, रात्री १०:४०

लय चांगलं झालं भाऊ. स्पॅनरभाऊ, माझ्या गाडीत ती खालची थाळी असते का हे कसं ओळखायचं? पार्ट माझ्याकडं नाही राहिला.

स्पॅनर१३ | १८ जानेवारी, रात्री ११:००

नवीन वॉल दुकानात नुसता हातात घेऊन बगा. स्प्रिंगच्या खाली चकती लटकती दिसली तर हाय. तसाच घेऊन या घरला, बसवून टाका, मार्चच्या आधी. आणि फॅन तपासा.

प्राची_मिनेसोटा | १९ जानेवारी, पहाटे ५:१०

केळीबाग, आठवडाभर रोज सकाळी इंजिन गार असताना बाटलीतली लेव्हल बघत राहा, उरलेली हवा निघाली की थोडी खाली जाते. सारखीच खाली जात राहिली आणि कुठे गळतीही दिसली नाही, तर ते तापणं हेड गॅस्केटपर्यंत (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) पोचलं होतं का ते तपासून घ्या.

केळीबाग | २० जानेवारी, सकाळी ७:१५

काल अर्धा बोट खाली गेली होती, मिस्त्रींनी दिलेल्या बाटलीतून भरली. आज जागेवर आहे. निघतो, ढलीला आज पोलीस बर्फासाठी टायरच्या चेन बघतायत म्हणे.